हत्ती गेला, नांव राहिलें

“पण आजोबा, हत्ती कोठें आहे?”

गेल्या हिवाळ्यांत आम्ही सारी मंडळी—दोघे मुलगे, दोघी सुना, पांच नातवंडें, आमचें कुटुंब आणि मी—घारापुरीस गेलों होतों. थोरल्या लेण्यांतील सदाशिवाच्या अठरा फूट उंचीच्या त्रिमुख मूर्तीसमोर उभा राहून मी मुलांना समजावून देत होतों कीं, आपल्या डाव्या हातचें उग्र मुख अघोराचें, उजवीकडचें सौम्य मुख वामदेवाचें, आणि मधलें शांत, मिटल्या डोळ्यांचें मुख तत्पुरुषाचें. इतक्यांत इयत्ता चौथींतल्या धाकट्या नातवानें वरील प्रश्न टाकला. त्याच्या हातांत शाळेनें सांगितलेल्या प्रकल्पाची वही होती; तिच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘एलिफंटा लेणीं’ असा मथळा होता. नटराज झाला, अर्धनारीनटेश्वर झाला, गंगावतरण झालें; परंतु ज्याच्या नांवानें बेट ओळखलें जातें, तो हत्ती मात्र त्या बिचाऱ्यास कोठेंच दिसेना.

प्रश्न पोरवयाचा खरा, पण बिनतोड. त्याचें उत्तर देण्यास मला तेथें दहा मिनिटें लागलीं, आणि घरीं आल्यावर पुढें कित्येक दिवस तेंच मनांत घोळत राहिलें. म्हणून तें आज वाचकांपुढें मांडीत आहें.

हें बेट १५३४ सालीं वसईच्या तहानें गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेलें. त्याच्या दक्षिण अंगास, उताराच्या जागेजवळ, काळ्या पाषाणाचा एक प्रचंड हत्ती उभा होता. तो पाहून पोर्तुगीजांनीं बेटास ‘एलिफंटा’ म्हटलें. तेथें पूर्वापार राहणाऱ्यांना “तुमच्या गांवाचें नांव काय?” असें विचारण्याची त्यांना गरज भासली नसावी. पुढें १८१४ सालीं हत्तीचें शीर व मान तुटून पडली. मग धडही ढासळलें. १८६४ सालीं तो विलायतेस नेण्याचा घाट घालण्यांत आला. उचलतांना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस राणीच्या बागेंत आणण्यांत आले, व १९१४ सालीं ते जुळवून हत्ती पुन्हां उभा करण्यांत आला. आजही तो तेथें, डॉक्टर भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत, शांतपणें उभा आहे.

म्हणजे दीडशें वर्षांहून अधिक काळ ह्या बेटावर हत्ती नाहीं! खरी मौज तर पुढेंच आहे. ज्या संग्रहालयाच्या आवारांत हत्ती उभा आहे, त्याचें व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट हें नांव १९७५ सालीं बदललें. ज्या बागेंत तो आहे, ती व्हिक्टोरियाराणीची बाग. तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हें नांव मिळालें. ज्या शहरांत तो आहे, त्याचें ‘बॉम्बे’ जाऊन १९९५ सालीं सरकारदरबारींही ‘मुंबई’ झालें. हत्तीच्या भोंवतालचीं सारीं नांवें बदललीं. परंतु ज्या बेटास त्यानें नांव दिलें, तें मात्र जगाच्या दफ्तरांत अद्याप एलिफंटाच आहे. ‘हत्ती गेला आणि शेपूट राहिलें’ अशी आपल्यांत म्हण आहे. येथें हत्तीही गेला, शेपूटही गेलें, आणि नांव तेवढें राहिलें.

मग बेटाचें स्वतःचें नांव कोणतें? घारापुरी. ह्या नांवाची व्युत्पत्ति विद्वानांनीं परोपरीनें लावली आहे. कोणी ‘अग्रहारपुरी’पासून तें आलें असें म्हणतात, तर कोणी देवळांतील पुजाऱ्यांच्या वस्तीशीं त्याचा संबंध जोडतात. ‘पुरी’ हा शब्द मात्र सर्वांनाच मोहांत पाडतो. ऐहोळे येथील मेगुती देवालयावर शके ५५६ चा रविकीर्तीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीनें पश्चिम समुद्रावरील पुरी नांवाच्या वैभवशाली नगरीवर शेंकडों नौका घेऊन चाल केली, असें त्यांत वर्णन आहे. ती पुरी म्हणजे हीच घारापुरी कीं जंजिऱ्याजवळची राजपुरी, ह्याविषयीं एकमत नाहीं. परंतु त्या लेखांत कवीनें चालून येणाऱ्या नौकांना मदोन्मत्त हत्तींच्या कळपाची उपमा दिली आहे. हें नातवास सांगतांच तो मनापासून हंसला. बेटास हत्ती पाहिजेच असेल, तर हे समुद्रावरचे हत्ती त्या दगडी हत्तीपेक्षां कांहीं कमी नव्हेत!

आतां एक कबुली देणें प्राप्त आहे. नोकरीच्या आरंभीं, १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत, मी उरणच्या बाजूला एका शाळेवर होतों. माझ्या वर्गांत बेटावरून होडीनें येणारा एक मुलगा होता. पावसाळ्यांत दर्या खवळला कीं त्याचे आठ-आठ दिवस बुडत. परंतु मुलगा हुशार होता. सहामाही परीक्षेंत ‘आपल्या जिल्ह्यांतील जगप्रसिद्ध लेण्यांचें नांव लिहा’ असा एक प्रश्न होता. त्यानें ‘घारापुरी’ असें लिहिलें. माझ्याजवळच्या आदर्श उत्तरांत ‘एलिफंटा’ होतें. म्हणून मीं तांबड्या शाईनें अर्धा गुण कापला. पेपर हातीं पडल्यावर तो माझ्या टेबलाशीं आला आणि हळूच म्हणाला, “गुर्जी, आमचे गावाला कोन एलिफंटा नाय बोलत.” मीं त्यास सांगितलें, “पुस्तकांत आहे तें लिहावें.” तो मुकाट्यानें जागेवर जाऊन बसला. त्यानंतर माझ्या तासाला त्यानें कधीं हात वर केल्याचें मला आठवत नाहीं.

ज्याचा जन्म त्या गांवीं झाला, त्याला त्याच्याच गांवाचें नांव चुकलें असें मीं ठरविलें! संस्कृत शिकलेल्या, व्युत्पत्तीचा अभिमान बाळगणाऱ्या मास्तरानें हें करावें, ह्यापरतें दुसरें हंसें कोणतें? परंतु माझा अपराध एकट्याचा नव्हता. पुस्तक, फलक, तिकीट, नकाशा—सर्वांनीं मिळून मला तसें शिकविलें होतें. म्हणूनच लहानशा बेटाची ओळख जपण्यासाठीं सरकारनें काय केलें आणि काय करावयाचें राहिलें, हा विचार मला सोडवत नाहीं.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पोर्तुगीज शिपायांनीं जेथें मूर्तींचे हातपाय फोडले, तेथें इंग्रजी अमलांत १९०९ सालीं हीं लेणीं संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झालीं. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानें त्यांची निगा राखली. पडलेले खांब पुन्हां उभे केले. १९८५ सालीं महाराष्ट्र सरकारनें बेट आणि त्याच्या किनाऱ्यापासून एक किलोमीटरपर्यंतचा टापू निषिद्ध क्षेत्र ठरविला. समोर न्हावा-शेव्याचें प्रचंड बंदर उभें राहून १९८९ सालीं सुरू झालें, भोंवतीं तेलाचीं जहाजें व कारखाने वाढले. अशा स्थितींत बेट आजही हिरवें दिसतें, ह्याचें बरेंचसें श्रेय त्या निर्णयास दिलें पाहिजे. १९८७ सालीं युनेस्कोनें लेण्यांचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश केला. १९८९ पासून पर्यटन महामंडळानें नृत्य-संगीताचा महोत्सव सुरू केला.

परंतु वाचकांनीं ह्या यादीकडे पुन्हां एकदां पहावें. ह्यांतील प्रत्येक गोष्ट लेण्यांसाठीं आहे. बेटावर माणसें राहतात हें तींतून कोठें कळत नाहीं. बेटाचा परीघ अवघा सात किलोमीटरांच्या आसपास. त्यावर दोन टेंकड्या, आणि शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर अशा तीन वस्त्या. आगरी-कोळी समाजाचीं हजारभर माणसें मासेमारी, थोडी भातशेती आणि पाहुण्यांसाठीं थाटलेलीं दुकानें ह्यांवर संसार करतात. त्यांना स्वतःची ग्रामपंचायत आहे. तालुका उरण, जिल्हा रायगड. महसुली कागदांत आणि ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर गांवाचें नांव घारापुरी आहे. तिकिटावर, लाँचीवर व जगाच्या यादींत एलिफंटा. एकाच भूमीचीं हीं दोन नांवें, आणि त्यांच्यामागें दोन निरनिराळ्या ओळखी: एक दगडांची, दुसरी माणसांची. सरकारनें पहिलीची जोपासना केली. दुसरी आपली आपण तगून राहिली.

संरक्षणाचा भारही ह्या दुसऱ्या ओळखीनेंच उचलला आहे. स्मारकाभोंवतीं शंभर मीटरपर्यंत नवें बांधकाम नको आणि त्यापुढें आणखी दोनशें मीटरपर्यंत परवानगीवांचून नको, असा २०१० सालचा कायदा आहे. लेण्यांच्या दृष्टीनें तो योग्यच. परंतु मुलाचें लग्न ठरलें म्हणजे एखादी खोली वाढवावी, हा आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांतील साधा विचार. अशा ठिकाणीं तो करण्यापूर्वीं दोरी घेऊन अंतर मोजावें लागतें! महोत्सवाची तऱ्हा तर आणखी निराळी. २०१२ सालीं तो बेटावरून हलवून मुंबईस गेटवे ऑफ इंडियापाशीं भरविण्यांत आला. सोयीसाठींच तसें केलें असेल. परंतु बेटाच्या नांवाचा उत्सव बेटावांचून पार पडूं शकतो, हें त्यावरून सिद्ध झालें. उलट महाशिवरात्रीस जी यात्रा भरते, ती मात्र कोणास दुसरीकडे हलवितां येत नाहीं.

ह्या सर्वांत माझ्या मतें बेटाच्या खऱ्या ओळखीस उपकारक असें जें एक मोठें काम झालें, त्यास कोणी ‘ओळख जपणें’ असें नांवही दिलें नव्हतें. तें काम विजेचें. मुंबईच्या झगमगाटापासून तासाभराच्या अंतरावर असूनही स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षें ह्या बेटास कायमची वीज नव्हती. सायंकाळीं दोन-तीन तास जनरेटर चाले, पुढें अंधार. अखेर समुद्राच्या तळाशीं सुमारें साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून, पंचवीस कोटी रुपये खर्चून, फेब्रुवारी २०१८ मध्यें तिन्ही वस्त्यांना वीज देण्यांत आली.

त्या दिवशीं पायऱ्यांवरील एका दुकानांत आम्ही ताक प्यावयास थांबलों. आमच्या मंडळीनें दुकानांतल्या बाईस विचारलें, “मावशी, तुम्ही कुठल्या?” ती म्हणाली, “शेतबंदरची.” मग विजेची गोष्ट निघाली. “आदी सांजचे तीन तास जनरेटर. बत्ती गेली का निजाचा. आता पोरं रातचे वाचतान,” असें सांगून ती माकडांवर काठी उगारून आली. निघतांना माझ्या थोरल्या मुलानें सहज विचारलें, “तुम्हांला एलिफंटा आवडतें का मुंबई?” तेव्हां ती हंसून म्हणाली, “तुमी एलिफंटा बघाला आलाव. आमचा गाव घारापुरी.” पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीं टेबलाशीं ऐकलेलेंच तें वाक्य! माझ्या हातांतील ताकाचा पेला क्षणभर तसाच राहिला.

पोरें रात्रीं वाचूं लागलीं, मासळी बर्फावांचून टिकूं लागली, म्हणजे तरुण माणसास गांव सोडण्याचें एक कारण कमी झालें. माणसें टिकलीं तर बोली टिकते, बोली टिकली तर नांवें टिकतात, आणि नांवें टिकलीं तरच बेट इतर बेटांहून वेगळें राहतें. नाहीं तर लेणीं राहतील, तिकिटाची खिडकी राहील, आणि सायंकाळची शेवटची लाँच सुटल्यावर तेथें पहारेकऱ्यांवांचून कोणी उरणार नाहीं.

ह्या संदर्भांत दूरच्या एका बेटाची हकीकत सांगण्याजोगी आहे. इंग्लंड आणि आयर्लंड ह्यांच्यामधील समुद्रांत आइल ऑफ मॅन नांवाचें बेट आहे. तें घारापुरीहून किती तरी मोठें. लोकसंख्या ८४ हजारांच्या घरांत, आणि टिनवाल्ड नांवाचें त्याचें स्वतःचें पुरातन विधिमंडळ. तेथील मॅंक्स ही भाषा इंग्रजीच्या रेट्याखालीं मरणपंथास लागली होती. १९४७ सालीं आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरा त्या बेटास भेट देऊन गेले, आणि पुढच्याच वर्षीं आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगानें ध्वनिमुद्रणाचें यंत्र तेथें धाडून मॅंक्स बोलणाऱ्या शेवटच्या कांहीं वृद्धांचे आवाज टिपून ठेविले. वाचकहो, हें काम शेजारच्या देशानें केलें, हें लक्षांत असूं द्यावें. जन्मापासून मॅंक्स बोलणारा शेवटचा मनुष्य, नेड मॅड्रेल नांवाचा एक कोळी, १९७४ सालीं वारला. परंतु टिपलेले आवाज व शिकणारी माणसें शिल्लक होतीं. पुढें बेटाच्या सरकारनें मनावर घेतलें. १९९२ पासून शाळांत मॅंक्स शिकविण्यास आरंभ झाला, आणि २००१ सालीं केवळ मॅंक्समधून शिकविणारी प्राथमिक शाळा निघाली. २००९ सालीं युनेस्कोनें ही भाषा मृत म्हणून नोंदविली, तेव्हां त्या शाळेंतील मुलांनीं मॅंक्स भाषेंत पत्रें लिहून, ‘मग हें पत्र कोणत्या भाषेंत आहे?’ अशा आशयाचा प्रश्न केला. आणि ती नोंद बदलावी लागली. मुलांचा प्रश्न बिनतोड असतो, तो असा!

घारापुरीस विधिमंडळ नाहीं, आणि नको. तेथील बोली ही आपल्या मराठीचीच एक लेक आहे. परंतु ह्या हकीकतींतून दोन-तीन गोष्टी उचलण्याजोग्या आहेत, आणि त्यांस कोटी रुपये लागत नाहींत. पहिली गोष्ट नांवाची. मुंबईच्या ज्या रेल्वे स्थानकाची २००४ सालीं जागतिक वारशांत नोंद झाली, त्याचें नांव त्या यादींत ‘छत्रपति शिवाजी टर्मिनस’ असें असून जुनें नांव कंसांत आहे. हाच न्याय घारापुरीस कां लावूं नये? एलिफंटा हें नांव अजिबात पुसून टाकावें असें मी म्हणत नाहीं. त्या नांवाच्या हांकेवर बेटावरील लोकांची भाकरी अवलंबून आहे. तें कंसांत राहूं द्यावें; फलकावर, तिकिटावर, पाठ्यपुस्तकांत आणि यादींत घारापुरी आधीं यावें, एवढेंच.

दुसरी गोष्ट, तिन्ही वस्त्यांतील वृद्धांच्या तोंडून जुनीं गाणीं, वाऱ्यांचीं व मासळीचीं नांवें, खाडींतील प्रत्येक खडकाचें व टेंकडीवरील प्रत्येक पाणवठ्याचें नांव टिपून घ्यावें. आतां त्यासाठीं परदेशाहून यंत्र आणावयास नको. प्रत्येकाच्या खिशांत तें आहे. तेथील शाळेंतील मुलांसच हें काम सोंपवावें, म्हणजे आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्टही विद्याच असते, हें त्यांना लहानपणींच कळेल. तिसरी गोष्ट, शिवडीहून बेटापर्यंत आठ किलोमीटरांच्या रज्जुमार्गासारख्या योजना जेव्हां आंखल्या जातात, तेव्हां नकाशा उघडण्यापूर्वीं ग्रामसभेस विचारावें. पोर्तुगीजांनीं जो प्रश्न विचारला नाहीं, तो आपल्या सरकारनें तरी विचारावा.

आणि सरकारवर सर्व भार टाकून आपण मोकळें होणेंही बरें नव्हे. आम्ही बेलापुरास राहतों. २०२४ सालीं अटल सेतु झाल्यापासून मुंबईस जातां-येतां तें बेट आम्हांस दिसतें, आणि मोटारींतील कोणी तरी बोट दाखवून “तें पहा एलिफंटा” म्हणतोच. तें नांव आपल्याच जिभेवर इतकें रुळलें असेल, तर राजपत्रांत बदलून काय साधणार?

घरीं आल्यावर नातवानें वहीचें पहिलें पान फाडून नवें केलें, आणि त्यावर ‘घारापुरी’ असें वळणदार अक्षर काढलें. सूनबाईंना काळजी वाटली, म्हणाल्या, “मामंजी, बाईंनीं एलिफंटा सांगितलंय. गुण कापले तर?” मी कांहीं बोललों नाहीं. त्या मुलाचें वय आतां पन्नाशीपुढें असेल; तो बेटावरच आहे कीं पोटासाठीं दुसरीकडे गेला, कोण जाणे. त्याचा अर्धा गुण अद्याप माझ्याकडे बाकी आहे. नातवाचा कापला गेला, तर तो मुद्दलापोटीं जमा धरावा, असें मीं मनाशीं ठरविलें आहे.